नगरपालिकेचें दप्तर कोणाचें?

आमच्या पेठेंतील एक किराणा व्यापारी गेल्या महिन्यांत घरपट्टीचें बिल हातांत घेऊन आमच्या कचेरींत आले. त्यांच्या दुकानाला लागूनच दुसरें दुकान आहे. भिंत एक, ओटा एक, लांबीरुंदीहि जवळजवळ सारखीच. असें असतां शेजाऱ्यापेक्षां आपल्याला दीडपट पट्टी कां, हा त्यांचा प्रश्न होता. आम्हीं त्यांस सांगितलें कीं, हें वकिलास विचारण्यापूर्वीं नगरपालिकेंत जावें आणि कर आकारणीच्या यादींत आपल्या नांवापुढें काय लिहिलें आहे तें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहून यावें. ते गेले आणि अर्ध्या तासांत परत आले. "कशाला पाहिजे?" हा त्यांना पहिला प्रश्न झाला, "अर्ज करा" हें पहिलें उत्तर मिळालें, आणि अर्ज कोणाकडे करावयाचा असें विचारतां "साहेब मीटिंगमध्यें आहेत" हें दुसरें.

पुढच्या सोमवारीं दुपारीं ३ वाजतां आम्ही स्वतः त्यांच्याबरोबर गेलों. कारकुनानें आम्हांस ओळखलें. "वकीलसाहेब, आपण कशाला तसदी घेतलीत? शेठना आम्हीं सांगितलं असतं," असें म्हणून त्यानें खुर्ची पुढें केली. आम्हीं खिशांतून एक कागद काढून त्याच्यापुढें ठेवला. त्यानें तो दोनदां वाचला आणि अगदीं प्रामाणिकपणें म्हणाला, "साहेब, हें आमच्याकडे आलेलंच नाहीं." मग कपाटाची किल्ली शोधण्यांत वेळ गेला, चहा झाला, आणि पावणेपांचाच्या सुमारास यादी टेबलावर आली. आमच्या स्नेह्यांच्या दुकानापुढें पोटमाळ्याची नोंद होती. तो पोटमाळा वाळवीनें पोखरल्यामुळें त्यांनीं सहा वर्षांपूर्वीं उतरवून टाकला होता. ते क्षणभर त्या ओळीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे मी सहा वर्षं हवेची पट्टी भरली!"

ह्या हकीकतींत त्या कारकुनाला आम्ही फारसा दोष देत नाहीं. पोटमाळा पाडल्याची वर्दी आमच्या स्नेह्यांनींहि दिली नव्हती, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, जी ओळ पांच मिनिटांत पाहतां आली असती, ती पाहावयास एका मनुष्याला सहा वर्षें, दोन खेपा आणि एक वकील लागला. ज्याला वकील नाहीं त्यानें काय करावें?

आम्हीं पुढें केलेला कागद कांहीं गुप्त नव्हता. नोव्हेंबर २०१८ मध्यें महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागानें काढलेलें तें परिपत्रक होतें. जिल्हास्तरावरील कार्यालयांनीं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनीं दर सोमवारीं दुपारीं ३ ते ५ ह्या वेळांत आपले अभिलेख नागरिकांस पाहूं द्यावे, असें त्यांत सांगितलें आहे. कल्पना मूळची पुण्याची. तेथील महानगरपालिकेंत महेश झगडे हे आयुक्त असतांना सोमवारचे हे दोन तास सुरू झाले होते. पुण्यास जें जमलें तें सर्व राज्याला कां जमूं नये, ह्या विचारानें शासनानें तें पुढें नेलें. आठवड्यांतून दोनच तास, पण ते कोणत्याहि अर्जावांचून. परिपत्रक निघालें, आणि बहुधा पुष्कळ कचेऱ्यांत आवक-जावक नोंदींत एक आंकडा मिळवून तें विसाव्याला गेलें. नागरिकाला ज्याची खबर नाहीं आणि कारकुनाला ज्याची आठवण नाहीं, अशी ही देणगी आहे.

परंतु परिपत्रक नसतें तरी हक्क होताच. नगरपालिकांच्या कायद्यांत कर आकारणीची यादी तयार झाल्याची जाहीर नोटीस देणें बंधनकारक आहे, आणि मालकाला वा भोगवटदाराला ती यादी फुकट पाहण्याचा व तींतून उतारे घेण्याचा अधिकार आहे. इंग्रजी अमदानींतील नगरपालिकांच्या कायद्यांतहि हीच तऱ्हा होती. सार्वजनिक दस्तऐवज पाहण्याचा ज्याला हक्क आहे त्याला त्याची प्रमाणित नक्कल फी घेऊन दिलीच पाहिजे, हें १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचें ७६ वें कलम आमच्या पिढीच्या वकिलांनीं पाठ केलेलें आहे. तो कायदा जाऊन त्याच्या जागीं १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण ही तरतूद तशीच राहिली. आणि ह्या सर्वांवर २००५ चा माहितीचा अधिकार अधिनियम आहे. त्याच्या दुसऱ्या कलमांतील व्याख्येंत कामाची, दस्तऐवजांची व अभिलेखांची पाहणी करणें, टिपणें घेणें, प्रमाणित नमुने मागणें, हें सर्व बसतें. ६ व्या कलमांत तर स्पष्टच म्हटलें आहे कीं, माहिती मागणाराला कारण विचारतां येत नाहीं. म्हणजे आमच्या व्यापारी स्नेह्यांस झालेला पहिलाच प्रश्न, "कशाला पाहिजे?", कायद्याला मंजूर नसलेला होता.

ह्याच कायद्याच्या ४ थ्या कलमाकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें अशी आमची विनंति आहे. अर्जाची वाट न पाहतां प्रत्येक सार्वजनिक कचेरीनें १७ बाबी आपण होऊन प्रसिद्ध कराव्या, आणि त्या कायदा झाल्यापासून १२० दिवसांत कराव्या, असें तें सांगतें. त्यांतील आठवी बाब अशी आहे कीं, त्या संस्थेंत कोणतीं मंडळें, परिषदा व समित्या आहेत, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत काय, आणि त्यांचीं इतिवृत्तें लोकांना पाहतां येतात काय, हें जाहीर करावें. २००५ नंतर १२० दिवस केव्हांच होऊन गेले. आपल्या गांवच्या नगरपालिकेनें ह्या आठव्या बाबीचें काय उत्तर दिलें आहे, तें वाचकांनीं एकदां पाहावें. पुष्कळ ठिकाणीं समित्यांचीं नांवें सांपडतील, सभासदांचीं छायाचित्रेंहि सांपडतील. पण दार उघडें आहे कीं बंद, ह्या साध्या प्रश्नापुढें कोरी जागा सांपडण्याचाच संभव अधिक.

ही कोरी जागा आली कोठून? आम्हांस वाटतें, ती परकी अमलाची ठेव आहे. १८८९ सालीं ह्या देशांत सरकारी गुपितांचा कायदा आला व १९२३ सालीं त्याची जागा अधिक कडक कायद्यानें घेतली. मामलेदाराचें दप्तर असो वा म्युनिसिपालिटीचें, तें 'सरकारी' म्हणजे सरकारचें, आणि रयतेनें तें पाहणें म्हणजे सरकारच्या घरांत डोकावणें, अशी समजूत त्या राज्यांत रूढ झाली. १९४७ सालीं राज्य गेलें. रुमालाची गांठ मात्र तशीच राहिली. १९२३ चा कायदाहि आजतागायत पुस्तकांत आहे.

आणि गंमत अशी कीं, त्याच इंग्रजांच्या स्वतःच्या देशांत त्याच काळीं काय चाललें होतें? वेल्समधील टेन्बी ह्या लहानशा गांवीं मेसन नांवाचे एक गृहस्थ स्थानिक वर्तमानपत्र चालवीत. त्यांचें लिहिणें म्युनिसिपालिटीला रुचेना, म्हणून तिनें त्यांना सभेंत येण्याची बंदी केली. प्रकरण न्यायालयांत गेलें आणि १९०८ सालीं निकाल लागला कीं, बाहेरच्यांस बाहेर ठेवण्याचा सभेला अधिकार आहे. मेसन हरले. पण त्याच वर्षीं पार्लमेंटानें कायदा करून वृत्तपत्रांच्या बातमीदारांस स्थानिक सभांची दारें उघडलीं. सामान्य नागरिकाला तो हक्क मिळण्यास तेथेंहि १९६० साल उजाडावें लागलें, हें खरें. तरी एका गांवच्या पत्रकारापुढें दार लागलें तर तें सर्व देशाचें दार समजून उघडण्याची बुद्धि तेथील लोकांस झाली, आणि इकडे मात्र कुलूप पाठविलें, हा भेद लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

दप्तरांतल्या एका ओळीनें काय होतें, ह्याचें उदाहरण शोधण्यास वेल्सला जाण्याचें कारण नाहीं; तें महाडास आहे. मुंबई कायदेमंडळांत १९२३ सालीं सी. के. बोले ह्यांनीं ठराव आणला कीं, सरकारी पैशानें बांधलेल्या किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यांतील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य वर्गास खुल्या असाव्या. तो मंजूर झाला. १९२४ सालीं महाडच्या नगरपालिकेनें त्याला अनुसरून आपल्या ताब्यांतील चवदार तळें खुलें असल्याचा ठराव केला. ठराव इतिवृत्तांत गेला. तळ्यावर मात्र कोणी गेलें नाहीं, कारण गांवाचा धाक ठरावापेक्षां मोठा होता. तीन वर्षांनीं, २० मार्च १९२७ रोजीं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. ते कांहीं नवा कायदा करून घेण्यास गेले नव्हते. नगरपालिकेच्या दप्तरांत जें लिहिलेलें होतें तें अमलांत आणण्यास गेले होते.

ह्यापुढची गोष्ट वकिलाच्या दृष्टीनें अधिक बोधक आहे. ज्यांना तें पाहवेना त्यांनीं प्रथम मारहाण केली, आणि नंतर ते दप्तराकडे वळले. ऑगस्ट १९२७ मध्यें नगरपालिकेनें आपला १९२४ चा ठराव रद्द केला. म्हणजे विरोधकांसहि हें पुरें कळलें होतें कीं, ती ओळ इतिवृत्तांत आहे तोंवर आपली बाजू लंगडी. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत दिवाणी दावा दाखल झाला व तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. बाबासाहेबांनीं तो हुकूम पाळला आणि लढा न्यायालयांत चालविला. तळें हें भोवतालच्या सवर्णांच्या मालकीचें कीं नगरपालिकेचें, आणि इतरांस वगळण्याचा अनादि कालापासूनचा रिवाज आहे काय, हे त्यांतील वादाचे मुद्दे होते. तळें नगरपालिकेचें ठरलें. अनादि रिवाज शाबीत झाला नाहीं. १९३१ सालीं निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें लागला आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें तो कायम केला. दहा वर्षें एका तळ्याचें पाणी मालकीच्या नोंदीवर, ठरावांवर आणि रिवाजाच्या पुराव्यावर तोललें जात होतें. ज्यांना वाटतें कीं इतिवृत्त म्हणजे कारकुनाच्या उपजीविकेचा कागद, त्यांनीं हा दावा वाचावा. आणि असाहि विचार करावा कीं, १९२४ चा तो ठराव कपाटांत बंद राहिला असता व कोणाला कळलाच नसता, तर १९२७ सालीं काय झालें असतें?

आतां सभांविषयीं. १८८८ च्या मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यांत असा नियम आहे कीं, महापालिकेची प्रत्येक सभा लोकांस खुली असावी. एखादा विषय खासगी रीतीनें चालवावयाचा असेल तर हजर सभासदांच्या बहुमतानें तसा ठराव व्हावा लागतो. म्हणजे उघडें दार हा नियम, बंद दार हा अपवाद, आणि अपवादालाहि मतदान पाहिजे. खेड्यांत तर कायद्यानें ह्याहून पुढें पाऊल टाकलें आहे. ग्रामसभेंत गांवचा मतदार प्रेक्षक नसून सभासद असतो. वर्षांतून ग्रामसभा किती व्हाव्या हेंहि ठरलेलें आहे. शहरांतल्या शहाण्या माणसाच्या वांट्याला मात्र गॅलरींतलें बांकसुद्धां येत नाहीं. क्षेत्रसभा नांवाची वस्तु शहरांसाठीं कायद्यांत आली, पण 'मी अमुक क्षेत्रसभेंत बसलों होतों' असें सांगणारा एकहि नागरिक आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं.

नगरपालिकांच्या सभांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस 'आयत्या वेळचे विषय' म्हणजे काय हें सांगावयास नको. विषयपत्रिकेंत रस्त्यांचीं नांवें बदलण्याचे प्रस्ताव सविस्तर छापलेले असतात; मोठमोठे ठेके आयत्या वेळीं येतात. पुढच्या सभेंत 'मागील सभेचें इतिवृत्त वाचून कायम करणें' हा पहिला विषय असतो, आणि तें न वाचतांच कायम होतें. ह्यांत नेहमींच लबाडी असते असें आम्ही म्हणत नाहीं. पण जो व्यवहार दहा माणसांसमोर मोठ्यानें वाचून दाखवावा लागतो त्यांत चूकहि कमी होते, हा प्रत्येक दुकानदाराचा अनुभव आहे.

गेल्या कांहीं वर्षांत तर गोष्ट ह्याहि थराला गेली कीं, दार उघडें कीं बंद हा प्रश्नच उरला नाहीं, कारण सभाच नव्हती. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली. नवी निवडणूक जानेवारी २०२६ मध्यें झाली. राज्यांतील इतर पुष्कळ महानगरपालिकांची व नगरपालिकांचीहि थोड्याफार फरकानें हीच स्थिति होती. ह्या काळांत प्रशासक नेमलेले होते. प्रस्ताव मांडणारा अधिकारी तोच, सर्वसाधारण सभा तोच आणि स्थायी समितीहि तोच. सूचक, अनुमोदक आणि अध्यक्ष एकाच खुर्चीवर. प्रशासकांपैकीं कित्येक सचोटीचे व कर्तबगार होते हें आम्ही मोकळेपणानें मान्य करतों. पण प्रश्न करणारा कोणी नसला म्हणजे सचोटीच्या माणसालाहि उत्तर देण्याची संवय राहत नाहीं. आतां लोकनियुक्त सभागृहें पुन्हा भरूं लागलीं आहेत. तीं जुनी उघड्या दाराची रीत उचलतात कीं मधल्या काळांतील बंद खोलीची, हें पहिल्या वर्षांतच ठरून जाईल, आणि तें आपण गप्प बसलों तर आपल्या विरुद्ध ठरेल.

पुण्याच्याच नगरपालिकेंतील एक जुनी गोष्ट येथें आठवते. लॉर्ड लिटन ह्यांच्या स्वागतासाठीं नगरपालिकेच्या पैशांतून एक हजार रुपये खर्च करावे असा प्रस्ताव आला असतां जोतीराव फुले ह्यांनीं एकट्यानें त्याला विरोध केला, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. सभासद ३२ होते. जोतीराव सरकारनियुक्त सभासद होते, हें विशेष. पैसे वांचले नाहींत. पण कोणीं काय मत दिलें हें पुढल्या पिढ्यांस कळलें. आपल्या प्रभागाच्या सभासदानें गेल्या सभेंत काय मत दिलें, हें सांगूं शकणारे वाचक आमच्या ग्राहकांत किती निघतील?

आमच्या म्हणण्यावर अधिकारी वर्गाकडून दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं, अर्ज करणाऱ्यांत खंडणीखोर फार; माहिती काढून ठेकेदारांस व बांधकाम करणारांस धमकावतात. असे लोक आहेत, आणि आमच्या गांवांतहि आहेत. पण लपविलेल्याच वस्तूला किंमत येते. ज्या ठेक्याचें देयक फळ्यावर लावलेलें आहे त्याची नक्कल दाखवून कोणाला कोण धमकावणार? १९९४ सालीं राजस्थानांत कोट किराना येथें मजूर किसान शक्ति संघटनेनें पहिली जनसुनावणी भरविली, तेव्हां कामाच्या हजेरीपटांवरचीं नांवें गांवासमोर वाचलीं गेलीं, आणि ज्यांच्या नांवानें मजुरी निघाली होती त्यांनींच उठून सांगितलें कीं आपण त्या कामावर नव्हतों. तेथें कोणी खंडणी मागितली नाहीं. मागण्यासारखें कांहीं शिल्लकच राहिलें नाहीं. महाराष्ट्रांत मात्र अर्जांचा सुळसुळाट होतो म्हणून २०१२ च्या नियमांनीं अर्ज १५० शब्दांचा व एकाच विषयावरचा असावा असें ठरविलें, आणि राज्य माहिती आयोगापुढें तुंबलेल्या अपिलांचा आंकडा जून २०२४ अखेर एक लाखाच्या वर होता. अर्जाचे शब्द मोजण्यापेक्षां अर्जाची गरजच कमी करावी, हें सुचण्यास फार मोठी विद्वत्ता लागत नाहीं.

दुसरा आक्षेप खासगी माहितीचा. हा नव्यानें बळावला आहे, कारण २०२३ च्या वैयक्तिक माहितीसंरक्षणाच्या कायद्यानें माहितीच्या अधिकारांतील ८ व्या कलमाचें संबंधित पोटकलम बदललें. पूर्वीं वैयक्तिक माहिती नाकारतांना तिचा सार्वजनिक कामाशीं संबंध आहे कीं नाहीं व व्यापक लोकहित कशांत आहे हें त्या पोटकलमांतच पाहावें लागे; आतां नुसती 'वैयक्तिक माहिती' एवढेंच शब्द राहिले. कोणाच्या आजाराची वा कुटुंबाची माहिती चव्हाट्यावर येऊं नये, हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु रस्त्याचा ठेका कोणाला मिळाला हें त्या ठेकेदाराचें खासगी नव्हे, आणि हजेरीपटावरचें नांव हें त्या मजुराच्या रक्षणासाठींच लिहिलेलें असतें. ज्यांना अशा सबबीनें नकार मिळेल त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, त्याच कलमाचें दुसरें पोटकलम अद्याप जिवंत आहे: होणाऱ्या हानीपेक्षां लोकहित मोठें असेल तर माहिती देतां येते. अपिलांत हा मुद्दा अवश्य लिहावा.

राहतां राहिले आपण स्वतः. आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत. संध्याकाळीं रोजमेळ जुळल्यावांचून ते दुकानाचा दिवा मालवीत नाहींत. पांच रुपयांचा फरक आला तर मुनीमाला घरीं जाऊं देत नाहींत. दिवाळींत वह्यांची पूजा करतात. पण ज्या पेढींत ते दरवर्षीं हजारों रुपये पट्टीच्या रूपानें भरतात तिची खतावणी त्यांनीं एकदांहि उघडून पाहिलेली नसते. नगरपालिकेचें अंदाजपत्रक ज्या दिवशीं सभेपुढें येतें त्या दिवशीं गॅलरींत किती माणसें असतात हें आम्हीं पाहिलें आहे. बातमीदार सोडले तर एका हाताचीं बोटें पुरतात. दार ठोठावणारा कोणी नसतांना तें उघडलें नाहीं म्हणून रागावण्याचा आपला अधिकारहि थोडा कमीच होतो.

आमच्या नगरपालिकेकडे आमचें मागणें लहान आहे. सोमवारच्या दोन तासांची पाटी मुख्य दारावर लावावी. सभेची विषयपत्रिका सभासदांना जाते त्याच दिवशीं फळ्यावर लावावी, आणि आयत्या वेळीं घेतलेला प्रत्येक विषय व त्याची रक्कम दुसऱ्या दिवशीं. इतिवृत्त कायम होण्याची वाट न पाहतां त्याचा मसुदा नागरिकांस पाहूं द्यावा. 'कच्चें' असा शिक्का मारून द्यावा, हवा तर. ह्याला एक फळा, दहा टांचण्या आणि एक शिपाई लागतो.

पोटमाळ्याची नोंद काढून टाकावी असा अर्ज आमच्या स्नेह्यांनीं दिला आहे; त्यांना पोंच मिळाली, उत्तर अद्याप नाहीं. येत्या सोमवारीं दुपारीं ३ वाजतां आम्ही पुन्हा जाणार आहों. पेठेंतील ज्या दुकानदारांस आपली आकारणी पाहावयाची असेल त्यांनीं गेल्या वर्षाची पावती व मिळकतीचा क्रमांक बरोबर घेऊन पावणेतीन वाजतां नगरपालिकेच्या पायरीशीं यावें. वकिलाची फी पडणार नाहीं.